पदराखालचा सौदा

"उजवा हात द्या, हणमंतराव," दलाल म्हणाला. "डाव्या हातानं सौदा केलेलं जनावर दावणीला टिकत नाही. हे मी नाही म्हणत, बाजार म्हणतो."

आमच्या ह्यांनी पुढं केलेला डावा हात तसाच अधांतरी राहिला. उजवा गळ्यातल्या झोळीत होता, मनगटाच्या वरपर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. कडबा कापायच्या यंत्रात त्या हाताची दोन बोटं गेली होती. यंत्राला काय, कडबा आणि बोट सारखंच.

"उजव्याला अजून टाके आहेत हो," हे म्हणाले.

"मग टाके निघाल्यावर या."

सोपान दलाल खांद्यावरचं उपरणं झटकून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघायला लागला.

ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात तिथं भाव तोंडानं होत नसे. दलाल घेणाऱ्याचा उजवा हात आपल्या हातात घेणार, वर उपरणं टाकणार आणि आतल्या आत बोटं धरून आकडा सांगणार. गाईचा सौदा असेल तर एक बोट म्हणजे दहा हजार, बोटाचं अर्धं पेर म्हणजे पाच, सगळा पंजा धरला की पन्नास. पटलं तर अंगठा दाबायचा. मग दलाल हाच खेळ विकणाऱ्याशी खेळणार. विकणाऱ्यानं किती मागितले ते घेणाऱ्याला कळत नाही, घेणारा किती देतोय ते विकणाऱ्याला कळत नाही. दोन्हीकडचं कळतं ते एकट्या दलालाला. मधे जे उरतं त्यावर त्याच्या घराचा दुसरा मजला चढतो.

टाके निघायला अजून आठवडा होता. आणि आमच्याकडं वेळ होता तो त्या रविवारच्या संध्याकाळपर्यंतचा.

हा ठराव मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. आमच्या दावणीला दोन गाई होत्या. एक म्हातारी होऊन आटली होती, दुसरी पोट फुगून गेली. डेअरीत घालायला पेलाभर दूध उरलं नव्हतं. त्या साली खताचं पोतं दर खेपेला नव्या भावानं मिळायचं. खत महाग म्हणून मका महाग, मका महाग म्हणून पेंड महाग. दुधाचा दर तेवढा जिथल्या तिथं, एखाद्या घुम्या जावयासारखा. जो तो म्हणायचा, गाय परवडत नाही. आणि बाजारात जावं तर गाईला हात लावू देत नव्हते, इतके तिचे भाव चढलेले. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

त्यातच आमच्या गावातल्या खताच्या दुकानदारानं आमचा गोठा गोदामासाठी मागितला. गोठा रस्त्याला लागून, छप्पर पत्र्याचं, कोरडा. महिन्याचं भाडं ठरलेलं. मामंजींना ते पटलं. शेण काढा नको, धार काढा नको, पोती काही हंबरत नाहीत.

"रविवारी गाय घेऊन आलीस तर गोठा तुझा," ते मला म्हणाले. "मोकळी आलीस तर सोमवारपासून तिथं पोती."

"गोठा माझा म्हणजे काय? एवढी वर्षं शेण कोण काढत होतं?" हे मी म्हणाले, पण चुलीकडं तोंड करून. तेव्हा मी तेवढंच करत असे.

पैसे मात्र माझे होते. खताची पोती महागली तशी लोकांना शेणखताची आठवण झाली. पूर्वी आमच्या उकिरड्यावरून नाक दाबून जाणारे आता दारात येऊन "वहिनी, एक ट्रॉली द्याल का?" म्हणायला लागले. मी अख्खा उकिरडा विकला. दोन वर्षांची भिशी त्यात घातली. पंचेचाळीस हजार झाले. ते कमरेच्या बटव्यात होते. टेम्पोचं भाडंही त्यातूनच द्यायचं होतं.

आणि बोटांची भाषा मला येत होती. हात दुखायचा म्हणून हे दिवसभर पडवीत पडून असायचे. त्यांचं मन रमावं म्हणून मी एका दुपारी म्हणाले, मला शिकवा. गोधडीखाली माझा हात घेऊन त्यांनी शिकवलं. लग्नानंतर त्यांनी सलग एवढा वेळ माझा हात कधी धरला नव्हता. मामंजी बाहेर खाकरत होते. आम्ही आत पन्नास-साठ हजारांचे व्यवहार करत होतो.

गाय मी सकाळीच हेरली होती. तांबूस जर्सी, दुसऱ्या वेताची, पायाशी कालवड. चारही सडं दाबून बघितली. कास मऊ, धार सरळ. धार बघत होते तेव्हा तिनं मान वळवून माझ्या पाठीचा वास घेतला आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. म्हणजे पसंती दोन्हीकडून झाली होती.

तिचं दावं एका बाईच्या हातात होतं. साधारण माझ्याच वयाची. कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. चहाच्या गाड्यावरची म्हातारी सोडली तर सगळ्या बाजारात आम्ही दोघीच बायका. तिच्यापुढं तिचा दीर उभा होता, जालिंदर नावाचा. पांढरा शर्ट, आणि मोबाइल सारखा कानाला.

"किती पोती राहिली?... माझी वीस बाजूला काढ रे. आलोच मी. अरे, गाय दिली, पैसे घेतले, की निघालो!"

त्यांच्या गावच्या सोसायटीत खताची गाडी आली होती. त्याच्या उसाला डोस द्यायचा होता, म्हणून गाय बाजारात उभी. बघा आता. आमच्या गावात खतासाठी गोठा चालला होता, त्यांच्या गावात खतासाठी गाय.

"दलाल, उरका की!" जालिंदर ओरडला.

"उरकतो ना. पण हात कुणाचा घेऊ? गिऱ्हाइकाला हातच नाही."

भोवतीचे लोक हसले. आमचे हेही हसले. त्यांचं असंच आहे, स्वतःवरच्या विनोदाला पहिले हसणार ते.

मी म्हणाले, "माझा घ्या."

"काय म्हणालात वहिनी?"

"हात. मला उजवा आहे. पाची बोटं जागेवर आहेत, मोजून घ्या." आणि मी हात पुढं केला.

सोपान दलाल असा मागं सरकला की त्याची टाच शेणात गेली. "अहो, भर बाजारात बाईचा हात धरून उपरण्याखाली... माझ्या घरी कळलं तर भाकरी बंद होईल माझी!"

"मग तोंडानं बोला."

"तोंडानं? ही काय मंडई आहे? वांगी घेताय का?"

"तोंडानं बोलायचं नाही. डावा हात चालत नाही. बाईचा चालत नाही. मग गाय घ्यायची तरी कशी? तिलाच विचारू का?"

आता लोक जमायला लागले होते. चहाच्या गाड्यावरून म्हातारी ओरडली, "धर की रं मुडद्या हात! चावती व्हय ती?"

पुन्हा हशा. या वेळी तो दलालावर होता आणि ते त्याला कळलं. कानापर्यंत लाल झाला. "तोंडानंच पाहिजे ना? घ्या मग तोंडानं. पन्नास! पन्नासाच्या खाली गोष्ट नाही."

तो आकडा माझ्या तोंडावर मारलेला होता, हे न कळायला मी काही लहान नव्हते. ह्यांनी माझ्या दंडाला हळूच हात लावला. "शालन, राहू दे. पुढच्या रविवारी बघू."

"पुढच्या रविवारी कुणाला चारा घालू? पोत्यांना?"

मी त्या दावंवाल्या बाईकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. पण कालवड पायांत घुटमळली तेव्हा तिनं न बघताच गुडघ्यानं तिला जागेवर लावली. हिला बाजार नवा नाही, असं माझ्या मनात आलं. आलं आणि गेलं.

मी जालिंदरला म्हणाले, "भाऊ, दावं तुमच्या वहिनींच्या हातात आहे. मी त्यांच्याशी सौदा करते. बाईचा हात बाईनं धरला तर बाजार बुडत नाही ना?"

"तिला काय कळतंय ह्यातलं?"

"मग तुम्ही आकडा सांगा त्यांच्या कानात. त्याच्या खाली उतरायचं नाही म्हणावं. एवढं तरी कळेल की."

जालिंदर नाही म्हणणारच होता. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. "काय? पंधराच उरली? अरे थांब, थांब, कुणाला देऊ नको!" त्यानं फोन खिशात कोंबला, वहिनीच्या कानाशी जाऊन काही पुटपुटला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्याच्या खाली एक रुपाया नाही. कळलं का अंजिरावहिनी?"

तिनं मान हलवली.

"आणि माझी दलाली?" सोपान म्हणाला.

"चहा सांगते तुम्हाला," मी म्हणाले. "साखर जास्त घालायला लावते."

मी पदर मोकळा करून आम्हा दोघींच्या हातांवर टाकला. उपरण्याची एक गंमत असते. वाऱ्यानं उडतं, कडेनं डोकावता येतं, एखादा चहाटळ माणूस टोक उचलूनही बघतो. पदराला ती सोय नाही. एवढे पुरुष भोवती उभे, पण बघावं तर चोरी आणि न बघावं तर राहवत नाही. कुणी आभाळाकडं बघत होता, कुणी स्वतःच्या पायांकडं.

तिचा हात खरखरीत होता. पहिल्या बोटावर विळ्याचा जुना व्रण. मला वाटलं, गरीब बिचारी आहे, हिच्याशी फार ताणायचं नाही. तीन बोटं आणि चौथ्याचं अर्धं पेर धरलं. पस्तीस.

क्षणभर तो हात हललाच नाही. मग तिनं माझा सगळा पंजा असा काही आवळला की बांगड्या मनगटात रुतल्या. पन्नास.

आई गं! मी वर बघितलं. ती आपली खाली मान घालून, रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी.

मी चार बोटं धरली. तिनं ती झटकली आणि पुन्हा पंजा. मी परत चार. तिनं माझी चार बोटं धरून ठेवली आणि पाचव्यावर आपलं बोट मुळापर्यंत सरकवत नेलं. म्हणजे पुन्हा पन्नासच की! मी मागं ढकललं. तिनं पुढं. वर आमची तोंडं बघितली असती तर कुणालाही वाटलं असतं, दोघी देवळात उभ्या आहेत. खाली पदरात दोन मांजरं भांडत होती.

शेवटी मी चार बोटं धरली, पाचव्याचं अर्धं पेर धरलं आणि सोडलंच नाही. पंचेचाळीस. ह्याच्यापुढं माझ्या बटव्यात काहीही नव्हतं, आणि ते तिला बोटांवरूनच कळलं असावं. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि माझा अंगठा दाबला.

पटलं.

मी हात काढून घ्यायला लागले. तिनं सोडला नाही. तिच्या अंगठ्याचं नख माझ्या तळहातावर टेकलं आणि तिनं एक सरळ रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग पुन्हा माझी बोटं धरली. चारच. पाचव्याला हातही लावला नाही.

मी तिच्याकडं बघितलं. ती गाईकडं बघत होती.

पदर ओढून घेतला. जालिंदर पुढं झाला. "किती?"

"चाळीस," मी म्हणाले.

"चाळीस? म्हणजे मी सांगितले तेवढेच? वहिनी, एक रुपाया चढवला नाहीस वर?"

"त्या सोडंनात," अंजिरा पहिल्यांदा बोलली. "लई घट्ट बाई हाय."

लोकांत एकच खसखस पिकली. सोपान दलालानं कपाळावर हात मारला. "पन्नासाची गाय चाळीसला घातली! घ्या, बायका-बायकांचा सौदा!" पण जालिंदरला ते ऐकायला वेळ नव्हता. त्याचा आकडा त्याला मिळाला होता आणि पोती संपत चालली होती. त्यानं हात पुढं केला.

मी गर्दीकडं पाठ केली, बटवा सोडला, चाळीस हजार ह्यांच्या डाव्या हातात दिले. हे आणि जालिंदर नोटा मोजायला लागले. सोपान चहा पीत साक्षीला उभा राहिला. मी गाईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. तिच्यासाठी घरून नवं दावं, नारळ, खण आणि गहू आणले होते. आमच्याकडं गाय घरी नेताना तिची ओटी भरतात. हातात खण घेतला आणि थांबले.

"अक्का," मी अंजिराला म्हणाले, "पदर पुढं करा."

ती दचकली. हात मोकळ्या कपाळाकडं गेला. "मला न्हाई चालत."

जालिंदरची नोटा मोजणारी बोटं थांबली. "ओ बाई, काय करताय? दादा गेला आमचा. विधवेची ओटी भरतात का कुठं?"

"दादा गेले असतील. गाय तर होती ना यांची? गाईच्या मालकिणीला रिकाम्या पदरानं परत पाठवत नाहीत."

"असली रीत कुठं आहे?"

"आमच्याकडं."

नव्हती. आमच्याकडंही नव्हती. त्या घटकेला सुरू झाली.

चहाच्या गाड्यावरची म्हातारी माना उंचावून बघायला लागली. अंजिरानं एकदा दिराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं आणि मग दोन्ही हातांनी पदर पसरला. मी आधी घडी घातलेला खण ठेवला, वर नारळ, वर ओंजळभर गहू. ती पदराची टोकं गोळा करून कमरेला खोचेपर्यंत जालिंदरनं तोंड फिरवलं होतं. ओटीकडं पुरुषमाणूस बघत नाही, तेवढी रीत त्याला ठाऊक होती.

"कालवडीला गाईच्या नजरंसमोर बांधा," ती जुनं दावं सोडून हातावर गुंडाळत म्हणाली. "दिसली नाही तर पान्हा सोडत न्हाई ही. माझ्या माहेरची हाय. आंदण मिळालेल्या गाईची नात."

"तुमचं माहेर?"

"हेच गाव. बाप ह्याच बाजारात दलाल होता माझा. त्याच्या धोतराला धरून मोठी झाले मी हितं." मग माझ्या नजरेला नजर देऊन अगदी हळू म्हणाली, "खताच्या पोत्यात सगळंच घालायचं नसतं, अक्का."

आणि दिराच्या मागून निघून गेली. वळून गाईकडं एकदाही बघितलं नाही तिनं. बघितलं असतं तर गेली नसती.

बाजाराच्या फाटकाबाहेर हे म्हणाले, "थांब, टेम्पो बघतो."

"चालत जाऊ."

"पाच कोस? कालवड आहे बरोबर."

"बसत उठत चालेल ती. मीही चालेन."

थोडं अंतर गेल्यावर ह्यांची पावलं मंदावली. गणित सुरू झालं असणार. "शालन, बटव्यात पंचेचाळीस होते."

"होते."

"चाळीस दिले आपण."

"दिले."

"मग पाच कुठायत? पाकीट मारलं का कुणी?" त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ओटीत घातले. खणाच्या घडीत."

हे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. गाय थांबली, कालवड थांबली. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं आमचा उद्धार केला.

"तिनं तळहातावर रेघ ओढली," मी म्हणाले.

"नखानं?"

"नखानं."

हे माझ्याकडं बघत राहिले आणि मग हसायला लागले. झोळीतला हात दुखायला लागला तरी हसू थांबेना. कारण रेघेचं त्यांनीच सांगितलं होतं मला, शिकवणीच्या शेवटच्या दिवशी, तेही इकडंतिकडं बघत. रेघ ओढल्यावर जो आकडा धरतात तो लोकांना सांगायचा. खरा आधीचा. विकणाऱ्याला थोडे पैसे घरच्यांपासून बाजूला ठेवायचे असले तर अशी रेघ ओढतो. बाजारातला कुणीही माणूस ती मोडत नाही. किती पिढ्या पुरुषांनी ही रेघ ओढली असेल, भावांपासून, बापापासून, आणि मुख्य म्हणजे घरात भाकरी थापत बसलेल्या बाईपासून. अंजिरानं ती उलट बाजूनं ओढली एवढंच. तिच्या आंदणाच्या गाईचे पाच हजार तिच्या पदरात गेले. उरलेले उसाला.

"तुम्ही ओढलीय का हो कधी?" मी विचारलं.

हसू थांबलं. "काय?"

"रेघ."

"कालवड दमली वाटतं," हे म्हणाले आणि झपझप पुढं गेले.

दिवस कलायला घरी पोचलो. आणि गोठ्याच्या दारातच मी थबकले. आत निम्म्या उंचीपर्यंत खताची पोती रचलेली होती. आमची म्हातारी गाय बाहेर बाभळीला बांधलेली.

मामंजी सोप्यात बाजेवर बसले होते. "आलात का? टेम्पोचा आवाज आला नाही, म्हटलं मोकळेच आले."

"सोमवार म्हणाला होतात ना तुम्ही?"

"दुकानदाराची गाडी आज मोकळी होती. म्हटलं टाक." मग त्यांची नजर गाईवर गेली आणि तिथंच थांबली, पण शब्द मागं घ्यायची त्यांना सवय नव्हती. "आता असं कर, आजच्या दिवस बांध बाहेर. दोन-चार दिवसांत बोलतो मी दुकानदाराशी."

दोन-चार दिवस. मला माहीत होतं, दोन-चार दिवसांत पोत्यांना मुळं फुटतात. चुलीकडं तोंड करून पुष्कळ बोलून झालं होतं. आज चूल जवळ नव्हती.

मी नवं दावं हातावर गुंडाळलं, गाईला म्हणाले, "चल बाई," आणि तिला पायरी चढवून, उंबरा ओलांडून सरळ सोप्यात आणली. मामंजींच्या बाजेच्या पायाला बांधली. कालवड आपणहून मागून आली.

"अगं, अगं! काय चाललंय काय! हणम्या, तुझ्या बायकोला बघ!"

"बघतोय," हे दारातून म्हणाले.

"गोठा मोकळा होईपर्यंत गाय इथंच राहील, मामंजी," मी म्हणाले. "तुमच्या नजरेसमोर. कालवडही."

गाईनं मामंजींच्या पटक्याचा वास घेतला. मग आपल्याला जागा पसंत असल्याचं दाखवायला शेपूट वर केलं. सारवलेल्या जमिनीवर, बाजेपासून हातभर अंतरावर, थप थप थप. मामंजींनी दोन्ही पाय बाजेवर घेतले.

मला वाटलं, आता काठी उचलतात. त्यांनी वाकून शेणाकडं बघितलं. मग आणखी वाकले. साठ वर्षांची सवय होती ती, राग आला म्हणून थोडीच जाते? पुढं होऊन बोटानं थोडं दाबून बघितलं.

"पोट चांगलं आहे हिचं," ते म्हणाले.

मी गाईची पाठ थोपटली.

"दूध?"

"वेळेला पाच-सहा लिटर देईल. सडं चारही चालू आहेत."

"कितीला पडली?"

माझ्या आधी हे बोलले. ज्या माणसाला साधं उशिरा का आलात याचं खोटं कारण सांगता येत नाही, तो माझा नवरा गाईच्या पाठीवर डावा हात ठेवून बापाच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "चाळीस."

"चाळीसात? ही?" मामंजी उठले. गाईभोवती एक फेरी मारली. कालवडीच्या पाठीवर थाप मारली. मग धोतर वर खोचलं आणि गोठ्याकडं चालायला लागले. "हणम्या, तुझा हात धड नाही, तू लांब राहा. शालन, एक टोक धर."

वरचं पोतं आम्ही दोघांनी खाली ओढलं. ते धापा टाकत होते. "लई जड आहे गं."

"सांभाळून मामंजी," मी म्हणाले, "महागाचा माल आहे," आणि आम्ही तो रस्त्याच्या कडेला नेऊन टाकला.